कलमात न बसणारं दुखणं

फ्रिजवाल्यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष उलटलं होतं. या काळात जो भेटेल तो "सुटलात बुवा!" असंच म्हणायचा आणि तेही "हो ना, सुटलो," म्हणून मान डोलवायचे. कॅन्सर वेळेवर सापडला होता, गाठ मुळासकट निघाली होती आणि रक्ताची तपासणी दर खेपेला स्वच्छ येत होती. ज्याला आयुष्य परत मिळालंय त्याने वर आणखी काही मागायचं म्हणजे हावरटपणा झाला, असं त्यांचं त्यांनाच वाटायचं. म्हणून ते गप्प होते.

दारावर त्यांच्या नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. उभी हयात लोकांचे फ्रिज दुरुस्त करण्यात गेल्यामुळे आसपासच्या चार गल्ल्यांत ते 'फ्रिजवाले' होते आणि निवृत्तीनंतरही तेच राहिले. वय अडुसष्ट. अंगाने सडपातळ, बोटं लांब, बोलणं थोडकं. त्यांच्या बायकोला सगळे 'ऑपरेटरबाई' म्हणत. फ्रिजच्या त्याच कंपनीत ती फोनवर तक्रारी घ्यायची आणि हे त्या तक्रारी निवारायला घरोघर जायचे. तिचा चेहरा पाहण्याआधी कितीतरी दिवस त्यांनी तिचा फक्त आवाज ऐकला होता. "मी आवाजावर भाळलो, तोंड नंतर पाहिलं," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि "तोंड पाहून पळून गेले नाहीत, हे नशीब," असं ती म्हणायची.

ऑपरेशननंतर सुरुवातीला त्यांना सारखं लघवीला उठावं लागे. बाथरूम हॉलला लागून होतं, म्हणून त्यांनी आपलं अंथरूण हॉलमधल्या दिवाणावर आणलं. लघवीचा त्रास यथावकाश थांबला, पण अंथरूण आत परत गेलं नाही. "आता सवय झालीय," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "मी घोरतो, तुझी झोपमोड नको." ते काही घोरत नव्हते. ती एकदोनदा बोलून पाहायची म्हणून बाहेर आली, तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. झोपेचं सोंग तिला ओळखू येत होतं. ती परत आत गेली.

खरं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या आधी सर्जनने कागदावर सही घेताना भरभर काहीतरी सांगितलं होतं: नसांना धक्का बसू शकतो, 'त्या' बाबतीत फरक पडू शकतो. तेव्हा जिवाचीच पाचावर धारण बसलेली, 'त्या' बाबतीचा विचार कोण करतो? पण घरी आल्यावर, हळूहळू ताकद भरून आल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की तेवढी एक गोष्ट परत आलेली नाही. सकाळी नाही, रात्री नाही, कधीच नाही. मग त्यांनी बसस्टॉपवर चिकटवलेल्या एका जाहिरातीवरच्या नंबरला फोन केला आणि कुणा अनोळखी माणसाकडून कॅप्सूल मागवल्या. त्या घेऊन काहीच झालं नाही, उलट शिडीवर चढले असताना छातीत धडधडायला लागलं, तोंड लालबुंद झालं आणि शेजाऱ्यांनी धरून खाली उतरवलं. डबी त्यांनी हत्यारांच्या पेटीत तळाशी टाकून दिली आणि कानाला खडा लावला.

एका दुपारी ऑपरेटरबाईंनी दिवाणावरची चादर ओढून काढली, उशी काखेत मारली आणि म्हणाली, "आजपासून हे अंथरूण इथे पडणार नाही."

"अगं, पण—"

"पण नाही नि बिण नाही. मला फक्त एवढं सांगा, माझं काय चुकलं? मी आजारी माणसाची सेवा करताना कधी तोंड वाकडं केलं? की मी आता जाडी झाले, म्हातारी झाले, म्हणून बघवत नाही तुम्हाला?"

हा विचार ती करत असेल, असं फ्रिजवाल्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते दिवाणाच्या उघड्या गादीवर बसले.

"तुझं काही नाही गं," ते म्हणाले. "माझं बंद पडलंय."

"काय बंद पडलंय?"

त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. बाईंच्या काखेतली उशी खाली पडली.

"एवढंच?"

"एवढंच काय? एवढंच म्हणे!"

"अहो, मला वाटलं मन उडालं तुमचं. दीड वर्ष मी आरशात बघून बघून स्वतःला खाल्लं आणि तुम्ही तिकडे भिंतीकडे तोंड करून पडलात!" आधी ती रागावली, मग रडली, आणि मग शेजारी बसून तिने त्यांचा हात हातात घेतला. त्या रात्री अंथरूण आत गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅप्सूलची डबी काढून तिला दाखवली. ती तिने कचऱ्यात टाकली आणि हॉस्पिटलला फोन लावला.

डॉक्टर निघाली एक तरुण बाई. फ्रिजवाल्यांना तिथून पाय लावून पळावंसं वाटलं. पण ती डॉक्टर हवापाण्याचं बोलावं इतक्या सहज बोलत होती. झोप कशी, रक्तदाब किती, छातीत कधी दुखतं का, हृदयासाठी कुठली गोळी चालू आहे का, इच्छा होते का. शेवटच्या प्रश्नाला ते खाली बघून म्हणाले, "इच्छेचं काही बिघडलेलं नाही."

"मग अर्धं काम झालंय," डॉक्टर म्हणाली. कॅप्सूलचं ऐकून मात्र तिने कपाळाला हात लावला. "असल्या पुड्यांत काय भरलेलं असतं, ते भरणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुन्हा नको."

मग तिने एकेक मार्ग सांगितला. आधी रीतसर गोळ्या, कारण त्या सगळ्यांत सोप्या. पण ऑपरेशनमध्ये नसा दुखावल्या असतील तर गोळीचा निरोप पुढे पोहोचत नाही, त्यामुळे फार आशा धरू नका. त्यानंतर पंप, म्हणजे एक नळी, तिच्यातली हवा ओढून घ्यायची की रक्त आत येतं आणि मुळाशी रबरी कडं लावून ते धरून ठेवायचं, पण अर्ध्या तासाच्या आत कडं काढलंच पाहिजे. त्यानंतर इंजेक्शन, जिथे हवं तिथेच, बारीक सुईने. आणि शेवटी ऑपरेशन करून आत बसवायचं साधन.

"जिथे हवं तिथेच?" फ्रिजवाल्यांनी विचारलं.

"तिथेच."

ते बायकोकडे वळून म्हणाले, "चल, जाऊ या आपण." पण बाई जागची हलली नाही.

गोळ्यांनी डोकं दुखलं आणि नाक चोंदलं, बाकी जिथल्या तिथे. पंप घरी आला तेव्हा दोघांनी बेडरूमचं दार लावून, चष्मे लावून, माहितीपत्रक वाचलं. फ्रिजवाल्यांना त्या यंत्राबद्दल धंद्यातलं कुतूहल वाटत होतं. त्यांनी झडप तपासली, वॉशर काढून पाहिलं, पुन्हा बसवलं. प्रत्यक्ष वापरायची वेळ आली आणि नळीतून जो काही आवाज निघाला, त्याने ऑपरेटरबाईंना हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला तरी आवरेना. फ्रिजवाल्यांनी पंप खोक्यात भरला, शर्ट चढवला आणि ते बाहेर निघून गेले. दोन दिवस ते घरात पाहुण्यासारखे वावरले. तिने माफी मागितली तरी "काही नाही, काही नाही" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरात कुणीतरी जुना पाण्याचा पंप सुरू केला, तो थेट तसाच आवाज करत होता. दोघांची नजरानजर झाली आणि या खेपेला आधी तेच हसले. मग दोघं असे हसले की पोटात दुखायला लागलं. पण पंप काही जमला नाही. कड्याने दुखायचं, गार पडायचं आणि सगळा जीव घड्याळात अडकायचा.

इंजेक्शन पहिल्यांदा डॉक्टरने दवाखान्यात दिलं आणि ते लागू पडलं. फ्रिजवाल्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. चार तासांच्या वर टिकलं तर धावत तातडीच्या विभागात यायचं, एवढं डॉक्टरने बजावलं. स्वतःला सुई टोचायचा त्यांना धीर होईना, म्हणून घरी ती बाईंनी द्यायचं ठरवलं. तिने चार-सहा वेळा दिली. काम व्हायचं, पण त्या औषधाने आतून अशी कळ लागायची की फ्रिजवाले ओठ दाबून पडून राहत आणि बाईंना वाटे, हे आपण माणसाला सुख देतोय की छळतोय? एके दिवशी तिनेच सिरिंज बाजूला ठेवली. "नको. असं नको मला," ती म्हणाली.

राहिलं ते ऑपरेशन. डॉक्टरने टेबलावर साधन मांडलं. दोन लवचिक नळ्या आत बसतात, पोटात लपणारी छोटी टाकी, टाकीत मिठाचं पाणी, आणि अंडकोषाच्या पिशवीत लपणारी एक कळ. कळ दाबत राहिलं की पाणी टाकीतून नळ्यांत येतं, सोडायची कळ दाबली की परत टाकीत जातं. बाहेरून काही दिसत नाही.

फ्रिजवाल्यांनी ते हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "म्हणजे बंद सर्किट आहे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. मधे झडप."

"अगदी बरोबर."

"गळती?"

"क्वचित. काही वर्षांनी बदलावं लागू शकतं. आणि एक नीट ऐका. हे बसवलं की मागे फिरता येत नाही, आतली नैसर्गिक रचना उरत नाही. जंतुसंसर्ग झाला तर काढावं लागतं. लांबी वाढणार नाही, कदाचित थोडी कमीच वाटेल. संवेदना मात्र आहे तशी राहते. घरी जा, विचार करा, घाई नाही."

त्यांनी विचार केला. पार्कातल्या बाकावर बसून, भाजी निवडताना, टीव्हीचा आवाज बंद करून केला. "माझ्यासाठी करत असाल तर करू नका," बाई म्हणाली. "तुम्ही आत झोपायला लागलात, मला तेवढं पुष्कळ आहे."

"तुझ्यासाठी नाही," ते म्हणाले. "माझ्यासाठी करतोय. मला परत मी व्हायचंय."

ती मान हलवून शेंगा सोलत राहिली.

खर्चाचा आकडा ऐकून मात्र दोघांचे डोळे पांढरे झाले. विमा होता, पण तो सुनेच्या नोकरीतला. मुलगा शाळेत विज्ञान शिकवायचा आणि त्याच्या शाळेच्या विम्यात आईवडील बसत नव्हते. सून रंगाच्या कारखान्यात होती, गिऱ्हाइकाने आणलेल्या तुकड्याशी रंग तंतोतंत जुळवायचं काम करायची. त्या कारखान्याने कर्मचाऱ्यांच्या सासूसासऱ्यांनाही विमा दिला होता. कॅन्सरच्या ऑपरेशनचा खर्च त्याच विम्याने उचलला होता. पण मंजुरीचा अर्ज सुनेलाच करावा लागे. म्हणजे सुनेला सांगणं आलं.

आधी मुलाशी बोलावं म्हणून ते त्याच्याकडे गेले. मुलगा वह्या तपासत होता. सगळं ऐकताना त्याच्या हातातलं लाल पेन एकाच ओळीवर थांबलं होतं.

"बाबा, या वयात हे कशाला?" तो म्हणाला. "जीव वाचला, हे कमी आहे का?"

"कमी नाही."

"मग? आणि हे मी तिला कसं सांगू? तिच्या ऑफिसात कळलं तर?"

फ्रिजवाले उठले. हाच मुलगा वर्गात मुलांना शरीराचा धडा शिकवतो, असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण ते त्यांनी गिळलं. "राहू दे," म्हणाले. घरी येईपर्यंत मात्र त्यांना कुणी तोंडात मारल्यासारखं वाटत होतं. बायकोने विचारलं तर एवढंच सांगितलं, "त्याला अवघड वाटलं."

"मग तिलाच सांगा तुम्ही," बाई म्हणाली. "ती समजूतदार आहे. मी सांगितलं असतं, पण हे तुमच्या तोंडून जाऊ दे."

रक्ततपासणीला सून त्यांना गाडीने नेत असे. त्या दिवशी गाडीत बसल्यावर त्यांनी मनात शंभरदा घोळवलेलं वाक्य तोंडात आणलं आणि समोरच्या काचेकडे बघत बोलायला सुरुवात केली. एकमेकांकडे बघायची सक्ती नसते, तेवढं गाडीत बरं असतं. ते ऑपरेशन, नसा, गोळ्या, इंजेक्शन सगळं बोलून गेले, नको तेवढं तपशिलात बोलले, झडपेचंही सांगितलं. सुनेने मान वळवली नाही, पण जिथे वळायचं ते वळण तिने सोडून दिलं आणि दोघं सरळ पुढे जात राहिले.

"आईंना माहीत आहे?" तिने विचारलं.

"तिनेच पाठवलंय मला."

"मग मला काय अडचण असणार?" ती म्हणाली. पुढे म्हणाली, "बाबा, ऑफिसात विम्याचं काम एकच बाई बघते. तिने माझ्या बाळंतपणाचे कागद बघितलेत, फोटोंसकट. तिच्यापासून लपवण्यासारखं आमच्या घरात आता काहीच उरलेलं नाही."

फ्रिजवाल्यांचा जीव भांड्यात पडला. "पोरी, वळण चुकलंय बहुतेक," ते म्हणाले.

"केव्हाच चुकलंय," म्हणत तिने गाडी वळवली.

अर्ज गेला आणि नामंजूर होऊन परत आला. उत्तर दोन ओळींचं होतं: लैंगिक दुर्बलतेवरील उपचार वगळलेल्या आजारांच्या कलमात मोडतात. सुनेने फोन केला तर पलीकडचा मुलगा त्याच दोन ओळी वाचून दाखवायचा. सून चिडली. रंगात एक थेंब जास्त पडलेला तिला खपत नसे, तशी ती विम्याची पॉलिसी घेऊन बसली. शेवटी तिला त्यातच दुसरं कलम सापडलं: ज्या आजाराचा खर्च दिला आहे, त्याच्या उपचारामुळे शरीरात काही उणं राहिलं तर ते भरून काढणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळेल. तिच्याच विभागातल्या एका बाईला कॅन्सरमुळे स्तन काढल्यावर नवीन घडवण्याचा खर्च याच कलमाखाली मिळाला होता, आणि ते त्या बाईने स्वतःहून सांगितलं. सुनेने तक्रार निवारण समितीकडे धाव घेतली. समितीने सुनावणीला बोलावलं, रुग्णासकट.

"मी नाही येणार," फ्रिजवाले म्हणाले. "तिथे चार लोकांपुढे काय सांगू? प्रात्यक्षिक देऊ?"

"मी येते बरोबर," ऑपरेटरबाई म्हणाली. "बोलायचं काम माझं."

खोली काचेची होती. लांबट टेबल, पाण्याच्या बाटल्या, कोपऱ्यात एसी थोडासा खरखरत होता. पलीकडे तिघं बसले होते: विमा कंपनीचा अधिकारी, त्याच कंपनीचे वयस्क डॉक्टर आणि बाहेरून नेमलेली एक वकीलबाई. सुनेने दोन्ही कलमं वाचून दाखवली. अधिकाऱ्याने नम्रपणेच आपली बाजू मांडली. "तुमच्या सहकारी बाईंचा अवयव काढला होता. इथे अवयव जागेवर आहे. त्यामुळे उणीव म्हणता येत नाही."

फ्रिजवाले एसीकडे बघत होते. तेवढ्यात बाईंनी घसा साफ केला, आणि तो आवाज, फोनवरचा, फ्रिजवाल्यांनी कित्येक वर्षांनी ऐकला.

"साहेब, मी तीस वर्षं फोनवर फ्रिजच्या तक्रारी घेतल्या. लोक सांगायचे, फ्रिज जागेवर आहे, पण गार होत नाही. 'फ्रिज आहे ना, मग झालं तर,' असं मी एकालाही सांगितलं नाही. माणूस पाठवायचे."

वकीलबाईने तोंडावर हात धरला. अधिकाऱ्याचे कान लाल झाले. वयस्क डॉक्टरांनी मात्र चष्मा काढून फ्रिजवाल्यांना विचारलं, "तुमचं वय काय?"

"अडुसष्ट."

"या वयात ऑपरेशनचा धोका पत्करावा, इतकी याची गरज आहे, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

"कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सदुसष्टीला टेकलो होतो," फ्रिजवाले म्हणाले. आपण बोलतोय याचंच त्यांना नवल वाटलं. "तेव्हा तुमच्याकडून कुणी वय विचारलं नाही. उलट लवकर करा म्हणालात. मी तुमच्या उपकारात आहे, साहेब. पण मी जगावं असं तुम्हाला वाटलं, तर कसं जगतोय याचंही थोडं वाटायला हवं." एवढं बोलून त्यांना दम लागला. "दीड वर्ष मी बायकोकडे पाठ करून झोपलो. त्याला कुठलं कलम लावायचं, मला माहीत नाही."

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा लावला आणि खाली काहीतरी लिहिलं. ते जवळपास फ्रिजवाल्यांच्याच वयाचे होते. ही मंडळी बाहेर पडताना डॉक्टरांनी दार धरून ठेवलं आणि हळूच विचारलं, "कुठल्या डॉक्टरांकडे दाखवलंत?" फ्रिजवाल्यांनी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

निकाल यायला बरेच आठवडे गेले. हॉस्पिटलचा आणि सर्जनचा खर्च मंजूर झाला. साधनाची किंमत नाही, कारण साधनं आणि उपकरणं म्हणे आणखी वेगळ्याच कलमात. सून पुन्हा भांडायला निघाली होती, पण फ्रिजवाल्यांनी तिला थांबवलं. "अर्धी गाडी त्यांनी ढकलली, उरलेली आपण ढकलू. तू केलंस ते फार झालं, पोरी." कामावर नेत असत ती जुनी व्हॅन त्यांनी अंगणात उभी करून ठेवली होती. ती विकायला काढली. घेणारा तरुण मेकॅनिक होता. चावी देताना त्यांचा हात थोडा घुटमळला, पण थोडाच.

ऑपरेशनच्या सकाळी मुलगा हॉस्पिटलात आला. शाळेला सुट्टी टाकून आला होता. त्याने वडिलांच्या खाटेशेजारची खुर्ची ओढली, पाण्याची बाटली उघडून दिली, बंद केली, पुन्हा उघडली.

"बाबा, त्या दिवशी मी जे बोललो..."

"राहू दे रे."

"नाही, म्हणजे, तिने मला सगळं सांगितलं. सुनावणीचं पण." तो खिडकीकडे बघत होता. "तुम्हाला असं काही होत असेल, तुम्हा दोघांचं असं काही असेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. तुम्ही म्हणजे आईबाबा."

"आईबाबा कसे झालो, ते तूच तर शिकवतोस वर्गात," फ्रिजवाले म्हणाले. मुलगा हसला आणि हसता हसता त्याने वडिलांचा पाय चादरीवरून दाबला.

ऑपरेशन नीट झालं. नंतरचे दिवस कठीण गेले. सूज आली, चालताना पाय फाकवून चालावं लागे, बाई बर्फाच्या पिशव्या बदलत राहिली. एका रात्री बारीक ताप चढला आणि संसर्गाच्या धास्तीने दोघांची झोप उडाली, पण तो उतरला. मधेच कधी ते निराश होत, "उगीच हौस केली," म्हणत. "केलीत ना? मग आता भोगा," असं म्हणून ती गोळी हातावर ठेवायची. दीडएक महिन्याने डॉक्टरने कळ दाबायला शिकवली. शिकायला वेळ लागला नाही, पण घरी पहिल्यांदा करताना ते इतके कळीच्या नादी लागले की बाईलाच विसरून गेले. "अहो, मी इकडे आहे," तिला सांगावं लागलं. त्या दिवशी नुसतं हसण्यावारी गेलं. पुढच्या खेपेलाही धड जमलं नाही. मग त्यांनी घाई सोडून दिली. डॉक्टर म्हणाली होती तशी लांबी थोडी कमी वाटली आणि जुन्यासारखं सगळं काही झालं नाही. शरीर वेगळं होतं, दोघांचंही. पण त्याच्याशी ओळख होत गेली, आणि एका दुपारी बाईने त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे मिटले तेव्हा फ्रिजवाले छताकडे बघत, तिच्या केसांत बोटं घालून, कितीतरी वेळ पडून राहिले.

एका रविवारी मुलगा आणि सून न कळवता आले. बेल वाजवली, थांबले. पुन्हा वाजवली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला, कुणीतरी "थांब थांब" म्हणालं, आणि खूप उशिराने दार उघडलं. दारात आई होती, केस अर्धवट बांधलेले.

"झोपला होतात का?" मुलाने विचारलं.

"नाही," आई म्हणाली.

मागून वडील आले. शर्टाची बटणं एक घर चुकवून लागली होती आणि चेहऱ्यावर शाळा चुकवलेल्या पोराचा भाव होता. मुलाने बटणांकडे पाहिलं, मग आईकडे, आणि तो एकदम चपलांच्या कपाटाचं निरीक्षण करायला लागला.

"आम्ही आधी जरा बाजारात जाऊन येतो," सून म्हणाली आणि तिने नवऱ्याचा दंड धरला.

"अगं, आलात तर बसा की. चहा टाकते," ऑपरेटरबाई म्हणाली.

"नाही, नाही, आई. सामान आणायचंय," मुलगा म्हणाला, अजून कपाटाकडेच बघत. "तासाभराने येतो." जिन्याच्या दोन पायऱ्या उतरून तो थांबला आणि मागे न वळताच म्हणाला, "दीड तास धरा."